टाकीत काठी घालून बघा: गुंतागुंतीच्या प्रश्नाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं ते मार्च महिन्यात, म्हणजे नेमकं पाणी आटायला लागतं तेव्हा. 64 फ्लॅट. महापालिकेचं पाणी दिवसाला साधारण 20 हजार लिटर, बोअरचं सहा हजार, आणि उरलेलं दहा-दहा हजार लिटरच्या दोन टँकरचं. टँकरचं बिल वाचून दाखवल्यावर सभेत आरडाओरडा झाला आणि मी तिथल्या तिथे तोडगा जाहीर केला: दुसरी बोअर मारू. टाळ्या पडल्या. बोअर मारली, पाणी लागलं, नारळही फुटला. तीन आठवड्यांत जुन्या बोअरची धार करंगळीएवढी झाली. दोन्ही बोअर मिळून पाणी पूर्वीइतकंच, विजेचं बिल जास्त, टँकर होते तेवढेच.

त्यानंतर वाचायला लागलो. माणसं गुंतागुंतीचे प्रश्न कसे सोडवतात आणि कशी हमखास घोळ घालतात, यावर मानसशास्त्रात 1970 च्या दशकापासून चांगलं काम झालंय, विशेषतः जर्मनीत. ते वाचताना माझी बोअर मला पानोपानी भेटत होती. तुमच्याही गळ्यात नुकतंच असं काही पडलं असेल, सोसायटी म्हणा, छोटा धंदा म्हणा, घरातलं दीर्घ आजारपण म्हणा, तर खालच्या पायऱ्या क्रमाने करून बघा. एक वही लागेल. मोबाइलमधलं नोट्सचं अ‍ॅप चालेल असं वाटतं, पण चालत नाही. बाण काढावे लागतात.

पहिली पायरी: प्रश्नाची जात ओळखा

सुडोकू अवघड असतं, पण ते तुमच्यासाठी थांबून राहतं. तुम्ही चहा करून आलात तरी आकडे जिथल्या तिथे. मानसशास्त्रज्ञांनीही सुरुवातीला अशीच कोडी वापरली. कार्ल डंकर या जर्मन संशोधकाचं मेणबत्तीचं कोडं प्रसिद्ध आहे: मेणबत्ती, काड्या आणि खोकाभर टाचण्या देतात, आणि मेणबत्ती भिंतीवर नीट जळती उभी करा म्हणतात. लोक मेणबत्तीच भिंतीला टाचायला बघतात. खोका रिकामा करून तोच भिंतीला टाचला की त्यावर मेणबत्ती उभी राहते, पण ‘खोका म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू’ हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की तो दिसतच नाही. छान कोडं. पण उत्तर सुचलं की संपलं.

सोसायटीचं पाणी असं संपत नाही. गुंतागुंतीच्या प्रश्नाची लक्षणं साधारण अशी: त्यातल्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून एकीला हात लावला की दुसरी हलते. तुम्ही काही केलं नाही तरी परिस्थिती आपली आपण बदलत राहते. सगळं डोळ्यांना दिसत नाही. जमिनीखाली किती पाणी आहे हे कुणी बघितलंय? आणि तुम्हाला एकाच वेळी अनेक गोष्टी हव्या असतात, त्यातल्या काही एकमेकींच्या मुळावर येतात. यातली तीन लक्षणं जरी जुळली तरी ‘एक जालीम उपाय’ शोधण्याचा नाद सोडून पुढे वाचा. जुळत नसतील तर प्लंबरला फोन करा आणि मोकळे व्हा.

दुसरी पायरी: ‘सुधारणा’ हा शब्द वहीतून खोडा

डिट्रिख डोर्नर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकावर लोहाउझेन नावाचं एक गाव उभं केलं. गाव काल्पनिक, पण आत दोन हजारांहून जास्त गोष्टी एकमेकींना जोडलेल्या: घरं, नोकऱ्या, कर, घड्याळांचा कारखाना, दुकानं. 48 जणांना एकेक करून या गावाचं महापौर केलं. प्रत्येकाने दहा वर्षं कारभार बघायचा, अर्थात खेळातली. अधिकार जवळजवळ अमर्याद. सांगितलं एवढंच की गावाचं भलं करा. हे काम 1983 साली प्रसिद्ध झालं.

‘भलं करा’ हीच मेख होती. भलं म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय जे कामाला लागले ते जी तक्रार समोर येईल तिच्या मागे धावले. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी बसून बघा, हाच प्रयोग फुकटात दिसेल.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर उद्दिष्ट असं लिहा की अनोळखी माणसालाही ते मोजता यावं. ‘पाणीपुरवठा सुधारणे’ नाही. ‘मे महिन्यात सकाळी सहा ते आठ चौथ्या मजल्यावर नळाला पाणी’. त्याखाली लगेच दुसरी ओळ: हे मिळवताना काय बिघडू द्यायचं नाही? आमच्याकडे तीन गोष्टी निघाल्या. मेंटेनन्स वाढायचा नाही, बोअर पुढच्या वर्षीही टिकायला हवी, आणि तळमजल्याच्या लोकांना आपल्यावर अन्याय झाला असं वाटायला नको. लिहिल्याबरोबर दिसलं की यातल्या पहिल्या दोघी एकमेकींशी भांडतात: टँकर बंद करून बोअर दिवसभर चालवली तर मेंटेनन्स उतरतो आणि बोअर मरते. हे भांडण वहीत झालेलं बरं. तिथे नाही झालं तर सभेत होतं, आणि तिथे ते पाण्यावरून सुरू होऊन कुणाच्या तरी कुत्र्यावर संपतं.

तिसरी पायरी: बाण काढा

मधोमध प्रश्न लिहा. त्याच्यावर काय परिणाम करतं तिथून आत येणारे बाण, त्याच्यामुळे काय होतं तिकडे बाहेर जाणारे बाण. दहा-बारा बाण पुरे. एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी मावतात, म्हणून तर कागद. मग एकच बघायचं: कुठला बाण फिरून परत स्वतःकडे येतोय का?

आमच्या कागदावर एक फेरा असा निघाला. पाणी कमी येतं, म्हणून लोक मिळेल तेव्हा बादल्या, पिंप, बाथटबसुद्धा भरून ठेवतात. त्यामुळे सकाळी पहिल्या तासातच वरची टाकी रिकामी होते. मग वरच्या मजल्यांना पाणी पोचत नाही. मग तेही पिंपं आणतात. वर दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ओतून देतात. म्हणजे टंचाईची भीती टंचाई वाढवत होती, आणि मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पाणी जपून वापरा, उद्या येईल याची खात्री नाही’ असा मेसेज टाकून त्या फेऱ्याला तेल घालत होतो.

चौथी पायरी: आधी विचारा, मग ठरवा, आणि विचारणं थांबवू नका

लोहाउझेनच्या महापौरांत काही जणांनी गाव भरभराटीला आणलं, काहींनी खड्ड्यात घातलं. बुद्धिमत्ता चाचणीतल्या गुणांवरून कोण कुठे जाईल हे सांगता आलं नाही, आणि त्या निष्कर्षाची तेव्हा बरीच चर्चा झाली. (पुढच्या काळात हे इतकं सरळ राहिलं नाही. उद्दिष्ट आणि आतली जोडणी स्पष्ट करून सांगितली की हुशारीचा फायदा दिसायला लागतो. पण आपल्याला ती कोण स्पष्ट करून सांगतंय?) फरक दिसला तो वागण्यात. यशस्वी मंडळी ‘काय चाललंय’ इतकंच विचारून थांबत नव्हती, ‘असं का होतंय’ हे जास्त विचारत होती. स्वतःच्या समजुतीला ती ‘समजूत’च धरत आणि तपासून बघत, बाकीचे आपली समजूत हेच सत्य धरून चालत.

पुढे डोर्नरने अशाच एका खेळात मोठ्या कंपन्यांतले अनुभवी व्यवस्थापक आणि विद्यार्थी यांची तुलना केली. व्यवस्थापक सरस ठरले. कधी थांबायचं, कधी विचारायचं, कधी हात घालायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. म्हणजे ही शिकण्यासारखी गोष्ट आहे.

आता टाकीची गोष्ट. बोअर फसल्यावर मी पहिल्यांदा साधा हिशेब मांडला. माणशी दिवसाला 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे धरला जाणारा आकडा. 64 घरं, घरी सरासरी चार माणसं, म्हणजे 34 हजार 560 लिटर. आमच्याकडे येत होतं 46 हजार. मग टंचाई कसली? अकरा हजार लिटर जास्तच येत होतं!

मी वॉचमनकाकांकडे गेलो. ते म्हणाले, “साहेब, खालची टाकी रात्रीतून आपोआप उतरते. मागच्या कमिटीलापण सांगितलेलं.”

“कशावरून म्हणता?”

“काठी घालून बघा की.”

रात्री साडेअकराला मोटर बंद केली, महापालिकेच्या लायनीचा कॉक बंद केला, टाकीत काठी घालून ओल्या खुणेवर खडूने रेघ मारली. पहाटे साडेचारला परत काठी घातली. पाणी चार इंच खाली. टाकी 20 फूट बाय 12 फूट. चार इंच म्हणजे 80 घनफूट, म्हणजे जवळपास 2,265 लिटर, पाच तासांत. याच वेगाने चोवीस तास गळत असेल तर दिवसाला दहा हजार आठशेच्या वर. रोज एक आख्खा टँकर आम्ही विकत घेऊन जमिनीत मुरवत होतो. भेग सापडायला आणखी दोन दिवस लागले; पाइप भिंतीतून आत शिरतो त्या सांध्याला होती.

दुसऱ्या बोअरच्या खर्चात ती भेग कितीदा बुजवता आली असती हा हिशेब मी वहीत केला नाही.

या पायरीचं काम सोपं आहे: प्रश्नाच्या सर्वांत जवळ रोज कोण असतं त्याचं नाव लिहा, आणि ठराव करण्याआधी त्याच्याकडे जा. तो बहुधा सभेला नसतो.

पाचवी पायरी: उशीर मोजा

ही पायरी लोकांना सर्वांत जड जाते, म्हणून जरा थांबू.

पाहुण्यांच्या घरी गीझरचा नळ सोडलाय. गार पाणी येतंय. थोडा आणखी सोडला, गारच. पूर्ण सोडला. आणि मग एकदम चटका! घाईने बंद करत आणता, तर पुन्हा बर्फ. गीझर बिघडलेला नसतो. पाइप लांब असतो. तुम्ही आत्ता जे केलं त्याचं फळ थोड्या वेळाने येणार, आणि आत्ता अंगावर पडतंय ते मघाच्या करणीचं फळ आहे.

डोर्नरच्याच गटाने 1980 च्या दशकात याचा प्रयोग केला. समजा सुपरमार्केटच्या शीतगृहातली स्वयंचलित यंत्रणा बंद पडलीय, आणि तुम्हाला शून्य ते 200 आकड्यांची एक चकती हाताने फिरवून तापमान जागेवर आणायचंय. चकती फिरवल्यावर परिणाम दिसायला वेळ लागतो. बहुतेक लोक गीझरसारखेच वागले: जोरात इकडे, जोरात तिकडे. पण मजेचा भाग पुढे आहे. तापमान ऐकेना म्हटल्यावर काही जणांनी नियम शोधून काढले. विषम आकडे लावले की बरं पडतं. अमुक पटीतले आकडे चांगले. कुणाला वाटलं चकतीला काही जोडलेलंच नाही, संशोधक आपली गंमत बघताहेत. उशीर लक्षात आला नाही की माणूस अंधश्रद्धेकडे किंवा कारस्थानाच्या संशयाकडे वळतो. त्यासाठी अडाणी असावं लागत नाही, दहा-वीस मिनिटं पुरतात.

कुंडीतल्या जास्वंदीचं पान पिवळं दिसलं. आज खत, परवा जास्त पाणी, चौथ्या दिवशी जागा बदलली, आठव्या दिवशी झाड गेलं. कशाने गेलं? कळायला मार्ग नाही. पोराला गणितात कमी गुण पडले म्हणून जूनमध्ये क्लास लावला, ऑगस्टमध्ये बदलला, दिवाळीनंतर घरी शिकवणी. एकाही उपायाला एक परीक्षासुद्धा पुरती मिळाली नाही.

वहीत प्रत्येक उपायापुढे ‘गप्प बसायची मुदत’ लिहा. या तारखेपर्यंत हात लावायचा नाही. मुदत किती हे माहीत नसेल तर त्या कामातल्या जुन्या माणसाला एवढंच विचारा, ‘याचा फरक दिसायला किती दिवस जातात?’ आणि मुदत घरच्यांना किंवा कमिटीलाही आधीच सांगून ठेवा. मध्येच ‘काहीतरी करा की’ म्हणणारे तेच असतात.

सहावी पायरी: लहान पाऊल, लेखी अंदाज

साखर कारखाना चालवणं हा आपल्याकडे राजकारणाचा विषय, पण ऑक्सफर्डमध्ये तो मानसशास्त्राचा झाला. डायन बेरी आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना संगणकावरचा साखर कारखाना दिला. दर फेरीत मजुरांचा आकडा ठरवायचा, आणि उत्पादन ठरलेल्या पातळीवर आणून टिकवायचं. आतला नियम सांगितलेला नव्हता. तो होता असा: या फेरीचं उत्पादन म्हणजे मजुरांच्या आकड्याची दुप्पट, वजा गेल्या फेरीचं उत्पादन, आणि वर थोडा इकडेतिकडे नशिबाचा भाग.

वहीवर खेळून बघा. नशीब सोडून देऊ. मजूर शेकड्यांत, साखर हजार टनांत. गेल्या फेरीला साखर 6, हवी आहे 9. साहजिक विचार: 9 हवी तर मजूर 9. उत्पादन? 18 वजा 6, म्हणजे 12. अरे, जास्त झालं! मजूर कमी करून 7. आता 14 वजा 12, म्हणजे 2. घाबरून मजूर 10. 20 वजा 2, म्हणजे 18. कारखान्याची कमाल 12 च, तिथे जाऊन अडकणार. प्रत्येक निर्णय तेवढ्यापुरता शहाणपणाचा, आणि कारखाना झोके घेतोय. पहिल्याच फेरीत मजूर साडेसात ठेवले असते तर 15 वजा 6, बरोबर 9. तिथून पुढे 9 वर थांबलं की 9 च येत राहतात.

या प्रयोगात आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. सरावाने लोक कारखाना बऱ्यापैकी चालवायला शिकले, पण कसा चालवतात हे त्यांना सांगता येईना. उलट तोंडी समजावून सांगितल्यावर प्रश्नांची उत्तरं सुधारली, कारखाना चालवणं मात्र सुधारलं नाही. हातातलं ज्ञान आणि तोंडातलं ज्ञान वेगवेगळ्या खणांत राहतं. आईला ‘पिठात पाणी किती’ विचारलं की ‘लागेल तेवढं’ म्हणते. ती लपवत नसते. म्हणून जाणत्या माणसाला ‘समजावून सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘करून दाखवा, मी बघतो’ म्हणा. वॉचमनकाकांनी मला गळतीचं भाषण दिलं नाही, काठी दिली.

तर करायचं असं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि अशी की जी परत फिरवता येते. बदलण्याआधी वहीत चार रकाने करा: तारीख, काय केलं, काय होईल असं वाटतं, काय झालं. तिसरा रकाना आधी भरायचा, आणि आकड्यात. चुकलेला अंदाज फुकट जात नाही. बाणांच्या कागदावरचा कुठला बाण चुकीचा आहे हे तो दाखवतो. अंदाज लिहिलाच नसेल तर आठवण लबाडी करते, आणि महिन्याने आपल्याला ‘मला वाटलंच होतं’ असं मनापासून वाटतं.

सगळेच उपाय परत फिरवता येत नाहीत. बोअर परत बुजवता येते, पण पैसे येत नाहीत. अशा निर्णयाला वहीत लाल पेनाने चौकट करा आणि तो सर्वांत शेवटी ठेवा.

सातवी पायरी: उपायाचं पुढे काय होतं ते बघा

डोर्नरचा आणखी एक खेळ आहे, टानालँड. पूर्व आफ्रिकेतला एक काल्पनिक प्रदेश. तिथे तुपी नावाचे शेतकरी आणि मोरो नावाचे गुरंमेंढ्या पाळणारे राहतात. खेळणाऱ्याने त्यांचं जीवन सुधारायचं. लोकांनी दवाखाने काढले, खतं आणली, विहिरी खणल्या. काही वर्षं सगळं झकास. मूल जगायला लागलं, अन्न वाढलं, गुरं वाढली. पण अन्न पायरी-पायरीने वाढत होतं आणि माणसं पटीत. विहिरींमुळे गुरं वाढली, गुरांनी कुरणं संपवली, मग आणखी विहिरी, आणि भूजल खाली. बहुतेकांच्या हाती शेवटी दुष्काळ आला, आणि तो अनपेक्षित वाटला, कारण सगळे आकडे तर कालपर्यंत चढतेच होते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. एकाने दोनशे फूट बोअर घेतली, शेजाऱ्याने चारशे, मग पहिल्याने सहाशे. प्रत्येकाचा उपाय स्वतःपुरता बरोबर.

याच जमिनीवरचं उलट उदाहरणही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढे गावाने जे केलं त्यात पाणलोटाची कामं प्रसिद्ध झाली. मला त्यातला सर्वांत हुशार भाग वेगळा वाटतो: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, मग पिकं ठरवायची. पाणी अडवलं की लोक ऊस लावतात आणि अडवलेलं पाणी गायब होतं, हा बाण त्यांनी आधीच ओळखून तोडला होता.

तुमच्या उपायापुढे वहीत हे तीन प्रश्न लिहा. हा उपाय लागू पडला तर लोक काय जास्त करायला लागतील? तो कशातून खातोय, आणि तो साठा किती आहे? यात काही पटीत वाढतंय का? शेवटच्या प्रश्नाला मनाचा अंदाज कामाचा नाही, पटीतली वाढ माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. 72 ला वाढीच्या टक्क्यांनी भागा, दुप्पट व्हायला लागणारा काळ साधारण मिळतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन टक्क्यांनी चढत असेल तर 24 महिन्यांत दुप्पट. काहीच खरेदी न करता.

आठवी पायरी: स्वतःवर नजर

ही पायरी शेवटी लिहितोय, पण ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवायची आहे. अडचण वाढली की माणसाचं मन काही ठरलेल्या आडवाटा धरतं, आणि त्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसल्या.

एक म्हणजे उड्या. या विषयात जमत नाही असं दिसलं की तो अर्धा टाकून दुसऱ्यात शिरणं; मग तिसऱ्यात. दुसरी याच्या उलट: एखाद्या सोप्या कोपऱ्यात घर करणं. सोसायटी गळतेय, आणि सेक्रेटरी महिनाभर पार्किंगच्या स्टिकरचा रंग ठरवतोय. काम केल्याचं समाधान पुरेपूर मिळतं. तिसरी, तोफेचा गोळा. डोर्नरचीच ही उपमा आहे: निर्णय सोडला की पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही, कुठे पडला ते तपासायचं नाही. तपासलं तर चुकल्याचं कळेल ना! टानालँडमध्ये असंही दिसलं की दिवस जातील तसं लोकांचं विचारणं कमी होत गेलं आणि हुकूम देणं वाढत गेलं.

आणि शेवटची आडवाट जरा भीतीदायक. आपला कारभार फसतोय हे लपेनासं झालं की काही खेळाडू निर्दय बोलायला लागले. संगणकातली माणसं उपाशी मरत होती, आणि हे म्हणत होते की थोडा त्याग करावाच लागतो. आपण कुणी तेवढे वाईट नाही असं वाटत असेल, तर फसलेल्या बोअरनंतर मी कमिटीत काय म्हणालो ते सांगतो: “या लोकांची लायकीच नाही.”

स्वतःला पकडायचा एक सोपा मार्ग आहे. आपले शब्द ऐका. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘मुळीच’, ‘-च पाहिजे’ असे शब्द वाढले की समजा डोकं बंद व्हायला लागलंय. फसणाऱ्यांच्या बोलण्यात असे शब्द जास्त येतात. जमवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘बहुधा’, ‘कधीकधी’, ‘यापुरतं तरी’. एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवरचे स्वतःचेच मेसेज या नजरेने वाचा. मी वाचले. ‘सगळे’ हा शब्द एका आठवड्यात नऊ वेळा.

पैसे खर्च करण्याच्या आदल्या दिवशी

लाल चौकटीतला निर्णय घ्यायची वेळ आलीच, तर गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक युक्ती वापरा. आधीच केलेलं पोस्टमॉर्टेम म्हणा तिला. चार-पाच जणांना बसवा. त्यांना ‘यात काय चुकू शकतं?’ असं विचारू नका. तसं विचारलं की सगळे ‘नाही, ठीकच आहे’ म्हणतात, कारण अध्यक्षांसमोर कोण बोलणार. असं सांगा: ‘एक वर्ष झालंय. हा निर्णय साफ फसलाय. फसला हे नक्की. का फसला ते प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून लिहा.’ मग एकेक कारण वाचायचं. फसलाय हे आधीच मान्य केलेलं असल्यामुळे शंका काढणारा मोडता घालणारा ठरत नाही, उलट हुशार ठरतो.

गेल्या डिसेंबरात सोलर पॅनेलचा ठराव आला तेव्हा आम्ही हे केलं. सात कागद आले. एका काकूंनी लिहिलं होतं, “मुलं पतंगासाठी गच्चीत जातात, संक्रांतीला दोन पॅनेल फुटले.” बी विंगच्या आजोबांनी लिहिलं होतं, “पॅनेल धुवायला रोज पाणी लागलं, ते कुणी धरलंच नव्हतं.” दोन्ही कारणं कंत्राटदाराच्या गुळगुळीत कागदांच्या फायलीत कुठेच नव्हती. ठराव दोन महिने पुढे ढकलला आणि आधी गच्चीवर एकच पॅनेल लावून ते किती दिवसांनी मळतं ते बघायचं ठरलं. वहीत तिसऱ्या रकान्यात मी लिहिलंय: दहा दिवस. आजोबा म्हणतात, चार.